आठ काड्यांचा फोटो

माणसाला व्यसन असावं, पण त्यात काही चव तरी असावी, असं थोरलीचं म्हणणं होतं. पिणारा निदान गातो. पत्ते कुटणारा कधीतरी जिंकतो. तिच्या जावयानं काय करावं? तर ओल आलेल्या भिंतीसमोर तीन पायांचं घोडं उभं करावं, त्यावर खोक्याएवढा कॅमेरा ठेवावा, त्याच्या डोळ्यावरचं झाकण काढावं आणि हाताची घडी घालून भिंतीकडे बघत बसावं. भिंत काय पळून जाणार होती? बरं, बघून बघून पोट भरलं की झाकण लावावं आणि "आला, आला!" म्हणून अशी उडी मारावी, की शेजारच्यांना वाटावं घरात नातू झाला.

आणि हे सगळं तिच्या छपराखाली, तिच्या मुठींच्या खोलीत.

दोघी बहिणींचा छत्र्यांचा धंदा होता. खाली दुकान, तिथं धाकटी गिऱ्हाइकं सांभाळायची. वर कारखाना, तिथं थोरलीचं राज्य. एका खोलीत कापड बेतायचं, दुसरीत काड्यांवर चढवायचं, आणि तिसऱ्या बोळकांडीएवढ्या खोलीत छत्र्यांच्या मुठी ठेवायच्या. वेताच्या, लाकडाच्या, बदकाच्या डोक्याच्या. जावई नकाशांच्या कचेरीत कामाला, लेकीशी लग्न करून याच घरात राहायला आलेला. स्वभावानं गरीब, दिसायला बरा, जेवताना आवाज न करणारा. म्हणून थोरलीनं ती खोली "चार दिवस" वापरायला दिली. त्यानं मुठी पोत्यांत भरून जिन्यावर रचल्या, खिडकीला छत्रीचंच काळं कापड ठोकलं, आत लाल दिवा लावला आणि तीन ट्रे मांडले. त्या खोलीतून असा वास यायचा, की लोणच्याची बरणी दवाखान्यात फुटली असावी.

चार दिवसांचं वर्ष झालं. मग एका सकाळी जिन्यावरच्या पोत्यातून एक बदक निसटलं, थोरलीच्या पायाखाली आलं, आणि ती उरलेल्या पायऱ्या बसून उतरली.

"जावईबापू!" तिनं खालूनच हाक दिली. "या इकडं. असे या, की मला तुमचं तोंड दिसलं पाहिजे."

जावई आला. हातात चिमटा, चिमट्याला ओला कागद.

"काय आहे तो?"

"फोटो, आई."

"कुणाचा?"

जावयानं जरा विचार केला. "गटाराच्या झाकणाचा."

थोरलीनं डोळे मिटले आणि उघडले. "माझ्या घरात सहा माणसं राबतात. खाली दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ. तुमची स्वतःची बायको चारचौघींत उठून दिसणारी. आणि तुम्हाला सापडलं कोण, तर झाकण?"

"त्याचं काय आहे, आई, माझी फिलिम फार हळू आहे."

"हळू म्हणजे?"

"म्हणजे तिला दिसायला वेळ लागतो. साध्या फिलिमला चिमूटभर उजेड पुरतो, हिला घमेलंभर लागतो. तोवर समोरच्यानं हलायचं नाही. माणसं हलतात. गटाराचं झाकण हलत नाही."

"मग दुसरी आणा."

"ही दुर्मीळ आहे, आई!" जावयाचा चेहरा असा उजळला, की तसा लेकीशी लग्न लागतानाही उजळला नव्हता. "ही बनवणारा कारखाना बंद पडून जमाना झाला. डब्यावरची तारीख आमच्या हिच्या जन्माआधी उलटलेली. एवढं एकच रीळ मिळालं मला, बारा फोटोंचं. आता एकच शिल्लक आहे."

"म्हणजे म्हातारी, आंधळी आणि तारीख उलटलेली," थोरली उठून कपडे झटकत म्हणाली. "अशीला माझ्या घरात स्वतंत्र खोली. आणि माझ्या मुठी जिन्यात! ऐका आता. तो शेवटचा फोटो माझा काढायचा. सगळं घर बसवायचं, मधल्या खुर्चीत मी. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लागेल असा झाला पाहिजे. झाला तर खोली तुमची, कायमची, मी ब्र काढणार नाही. नाही झाला, तर तुमचा दिवा, तुमचे ट्रे, तुमच्या बाटल्या जिन्यात आणि माझ्या मुठी आत."

 त्या खोलीशिवाय जावयाला जगात दुसरं काही नको होतं, हे सगळ्या घराला माहीत होतं. बायकोला तर फारच माहीत होतं.

"चालेल, आई," तो म्हणाला.

चाललं असतं. पण दुकानाच्या दारात धाकटी उभी होती, आणि धाकटीचे कान म्हणजे छत्रीच्या कापडासारखे, ताणलेलेच असायचे.

"मधली खुर्ची?" ती म्हणाली. "मधल्या खुर्चीत तू का गं, ताई?"

"मी थोरली म्हणून."

"थोरली तू जन्मानं झालीस, त्यात तुझं कर्तृत्व काय? दुकानात आपण अर्ध्या अर्ध्या. आणि दर्शनी भिंत माझ्या अर्ध्यात येते. मी मध्ये नसले, तर त्या भिंतीवर खिळासुद्धा लागायचा नाही, फोटो लांबच राहिला."

जावई पटकन म्हणाला, "दोन खुर्च्या ठेवू, मावशी. दोघी मध्ये."

"दोन खुर्च्या ठेवल्या की मध्य त्या दोघींच्या मध्ये येतो," थोरली म्हणाली. "म्हणजे मध्यात हवा. कचेरीत नकाशे काढता ना तुम्ही? मग तुमच्या नकाशातली गावं जागेवर असतात की नाही, देव जाणे."

दोन दिवस घरात कुणी कुणाशी सरळ बोललं नाही. थोरली धाकटीला निरोप द्यायची तो नवऱ्याच्या तोंडून. आणि नवरा होता बसल्या जागी डुलकी घेणारा, त्यामुळे अर्धे निरोप वाटेतच झोपायचे. शेवटी वाट काढली लेकीनं. ती कापडाला दोरा ओढता ओढता नवऱ्याला म्हणाली, "तुमची ती फिलिम बघायला किती वेळ घेते?"

"खिडकीपाशी ऊन असताना म्हणशील, तर एका छत्रीएवढा."

त्या घरात घड्याळं होती, पण वेळ मोजायचा तो काड्यांत. छत्रीला काड्या आठ. कापडाचं प्रत्येक टोक काडीच्या शेवटाशी मेणाच्या दोऱ्यानं बांधायचं, घट्ट गाठ मारायची, पुढच्या काडीवर जायचं. म्हणून "दोन काड्यांत आले" म्हणजे लगेच आले. चहा उकळायला तीन काड्या. थोरलीच्या नवऱ्याची दुपारची झोप म्हणजे डझनभर छत्र्या.

"मग झालं की," लेक म्हणाली. "आठ काड्यांत आई चार बसेल, मावशी चार बसेल. खुर्ची एकच, मध्येच."

जावयाला घाम फुटला. "अगं, तसं केलं तर दोघी एकमेकींतून आरपार दिसतील."

"दिसू देत. दोघींनी एकमेकींना आजवर आरपारच बघितलंय."

दोघी बहिणींना ही युक्ती पटली, म्हणजे भांडायला नवा विषय मिळाला. थोरलीला आठातल्या सहा काड्या हव्या होत्या.

"सहा? आणि मी दोन काड्यांत काय नाक दाखवू?"

"तुझं नाक दिसायला दोन पुरतात."

"चार-चार, ताई. एक कमी नाही."

"मी मोठी. पाच."

"बरं, पाच घे. पण तुझ्या पाच काड्या चालू असताना छत्री मी बांधणार. तुझ्या हातात दिली, तर तू पाचवी काडी दिवाळखोरासारखी उद्यावर ढकलशील."

"आणि तुझ्या तीन मी बांधणार," थोरली म्हणाली. "हिशेब म्हणजे हिशेब."

जावई मध्ये काही बोलायला गेला, पण दोघींनी एकदम त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं तोंड मिटलं. तिथंच चुकला बिचारा. ज्या बाईला दुसरीनं कमी वेळ बसावं असं वाटतं, तिच्याच हातात घड्याळ द्यायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या खिडकीतून चांगलं ऊन आत आलं. कापडाच्या गठ्ठ्यांसमोर मधली खुर्ची मांडली. डाव्या अंगाला लेक उभी. उजव्या अंगाला थोरलीच्या नवऱ्याला बसवला, तो बसताक्षणीच झोपला, म्हणून त्याच्या बाजूची चिंता मिटली. थोरली खुर्चीत बसली. पाठ ताठ, हनुवटी वर, नजर अशी, की समोर कॅमेरा नसता तर कुणीतरी माफी मागितली असती.

धाकटी चौकटीच्या बाहेर स्टुलावर बसली, मांडीवर पांढरी छत्री, दातांत दोरा.

"आता कुणी हलायचं नाही," जावयानं श्वास रोखला आणि झाकण काढलं.

आणि धाकटी सुटली. उभ्या आयुष्यात तिनं अशी छत्री बांधली नसेल. बोटं दिसेनात. "एक!" म्हणून होतं न होतं तोच "दोन!" थोरलीनं मान न हलवता बुबुळं फिरवली. तिच्या लक्षात आलं. पण बोलायची सोय नव्हती. बोललं की हललं, हललं की पुसलं. ती आतल्या आत फुगत राहिली, तिचे कान लाल झाले, आणि नुसती तिच्या घशातून किटलीसारखी शीळ आली.

"पाच! ऊठ, ताई."

"तू—"

"आई, बोलू नका! उठा! मावशी, तुम्ही बसा!" जावई काकुळतीला आला.

थोरली उठली. तिनं धाकटीच्या हातातून छत्री अशी घेतली, की दोरा तुटायचाच बाकी. धाकटी खुर्चीत टेकली, तिनं चेहऱ्यावर मालकिणीचं हसू आणलं. ते हसू पुरतं ओठांवर पोचायच्या आत थोरली ओरडली, "तीन! ऊठ!"

"तीन? कुठल्या तीन? अगं, मी अजून टेकतेय!"

"झाल्या तीन. माझा हात आहे हा."

"हात नाही, हातचलाखी! दाखव. दाखव ती छत्री!"

इकडं जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. त्या म्हाताऱ्या फिलिमला घमेलंभर उजेड हवा होता, तिच्या वाट्याला वाटीभर आला होता. आता झाकण लावलं, तर फोटोत येणार फक्त अंधार, आणि खोली गेली. म्हणून त्यानं झाकण मुठीत घट्ट धरलं आणि लावलंच नाही. बायकोला डोळ्यांनी खूण केली, की हलू नकोस. सासऱ्याला खूण करायची गरज नव्हती.

दोघी बहिणींनी तोवर छत्री उघडून मधल्या खुर्चीवर ठेवली होती, आतली बाजू खिडकीच्या उजेडाकडे, म्हणजे थेट कॅमेऱ्याकडे करून. एक डावीकडून वाकली, दुसरी उजवीकडून. दोघींचं एकमेकींच्या कामातली खोट काढणं म्हणजे मोठं शांतीचं काम होतं. त्यावेळी दोघी श्वाससुद्धा जपून घ्यायच्या. थोरली चष्मा लावत नसे. चष्मा म्हणजे कपाळावर म्हातारपणाची पाटी, असं तिचं मत. धाकटी लावायची नाही, कारण थोरली लावत नव्हती. त्यामुळे दोघी नाकं छत्रीला टेकवून, डोकं डोक्याला लावून, बघत राहिल्या, बघत राहिल्या.

"तुझ्या पाची ढिल्या," थोरली शेवटी कुजबुजली.

"तुझ्या तिन्ही ढिल्या."

"माझी गाठ? माझी गाठ ढिली? या गावात माझ्या गाठीवरून लोक पोरींना धडे देतात."

खोटं नव्हतं ते. कारखान्यातल्या सगळ्या बायकांना गाठ तिनं शिकवलेली. शेपूट राहिलेली गाठ दिसली, की ती अख्खी छत्री ती बांधणारीच्या अंगावर यायची. लोक तिला पाठीमागं थोरली म्हणायचे, पण तोंडावर "गाठवाल्या बाई" म्हणायचे, आणि ती ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची, म्हणजे पुन्हा म्हणावं लागायचं.

तेवढ्यात खालून कुणी गिऱ्हाइकानं हाका मारल्या. उन्हासाठी छत्री हवी होती, पांढरी असली तर बरं. धाकटी ताठ झाली.

"हीच विकते," तिनं छत्री मिटली. "माझ्या पाच गाठी आहेत हिच्यात. तुझ्या तिन्हींनाही त्या धरून ठेवतील."

छत्री गेली. कुणाच्या गाठी ढिल्या, याचा पुरावाही तिच्याबरोबर उन्हात निघून गेला. जावयानं कपाळ पुसलं आणि झाकण लावलं.

संध्याकाळी थोरली मुठींच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"मी आत येणार."

"आई, आत अंधार असतो."

"माझं लग्न झालं, तेव्हा काय उजेड होता? सरका."

लाल दिव्याच्या उजेडात जावई एखाद्या भट्टीत बसल्यासारखा दिसत होता. या उजेडाची त्याच्या फिलिमला बाधा होत नाही म्हणे; लाल तिला दिसतच नाही. थोरलीला वाटलं, बरंच आहे, घरात अजून एकीला सोयीपुरतंच दिसतं. जावयानं फिलिमवरून छाप घेतलेला, पण अजून कोराच दिसणारा एक कागद ट्रेमधल्या पाण्यासारख्या औषधात सोडला आणि ट्रे हळूहळू हलवू लागला, बाळाला झोपवल्यासारखा.

कागदावर काहीतरी उगवलं. आधी नवरा आला. काय आला! भुवईचा केस न् केस, बनियनचं भोक, उघडं तोंड, आतली पडलेली दाढ. मग लेक आली, ओठ दाबून हसू आवरणारी. मग मधली खुर्ची.

खुर्चीत थोरली नव्हती. खुर्चीत धाकटीही नव्हती. तिथं धुरासारखं काहीतरी होतं, त्याला दोन नाकं होती आणि एकच कान. आणि त्या धुराच्या पुढं, अगदी मधोमध, ऐसपैस बसली होती ती छत्री. दोन्ही बाजूंनी दोन बायका तिच्यावर वाकलेल्या, डोक्याला डोकं लावून.

 जावयानं चिमटा खाली ठेवला.

"मी खोली रिकामी करतो, आई. ठरलं तसं. उद्या सकाळी मुठी आत आणतो."

"थांबा," थोरली म्हणाली. "एवढं बारीक कसं आलं हे?"

"ती फिलिमच तशी आहे. हळू असते तेवढी बारीक बघते. भिंगातून बघितलंत तर दोरासुद्धा—"

"द्या भिंग."

भिंग म्हणजे काही चष्मा नव्हे. थोरलीनं ते डोळ्याला लावलं आणि ओल्या कागदावर वाकली. छत्रीची एकेक काडी घेतली. पहिली गाठ, गच्च, ज्वारीच्या दाण्यासारखी. दुसरी, तशीच. तिसरी, चौथी, पाचवी. बोटं दिसत नव्हती अशा वेगानं मारलेल्या, आणि एकीला शेपूट नाही. नालायक धाकटी, तिच्या मनात आलं, इतकी वर्षं गिऱ्हाइकांशी गप्पा मारत खाली बसलीये आणि हात अजून असा?

मग सहावी. सहावीची गाठ गाठीसारखी होती, पण तिला शेपूट होतं, चांगलं उंदराएवढं. सातवीला दोन शेपटं. आठवीला गाठच नव्हती. आठव्या काडीला दोरा नुसता गुंडाळून वर टोचून ठेवला होता, शाळा चुकवणाऱ्या पोरीनं वेणी बांधावी तसा.

थोरली शाळेत फारशी गेली नव्हती. पण पाच आणि तीन कुणाच्या, एवढा हिशेब तिला येत होता.

तिनं भिंग खाली ठेवलं. ते पुन्हा उचललं. आठवी काडी सोडून या वेळी ती वर गेली, जिथं दोन डोकी एकमेकांना लागली होती. दोघींचे भांग एका रेषेत आलेले. दोघींच्या कपाळाला सारखीच आठी. धाकटीचा हात थोरलीच्या पाठीवर होता. आधाराला ठेवला असेल, तिला काही कळलंही नव्हतं.

"फाडू का?" जावई हळूच म्हणाला. त्याला वाटलं, तिला राग आलाय.

"हात तर लावून बघा," थोरली म्हणाली.

जिन्यावर पावलं वाजली. मुठींच्या पोत्याला ठेच लागून धाकटीनं कुणाचा तरी उद्धार केला.

"ताई! झाला का गं फोटो? मी बघणार. आणि माझ्या काड्या धरून किती आले मी, ते मोजणार!"

जावई दाराकडे वळला. "मावशी—"

थोरलीनं त्याच्या आणि दाराच्या मध्ये स्वतःला उभं केलं. तिच्या अंगकाठीनं ती चौकट पुरी भरली.

"दार उघडू नकोस गं!" ती बाहेर ओरडली. "उजेड आत आला की सगळं जळतं! शास्त्र आहे ते!"

"आला का पण?"

"म्हातारी फिलिम, तारीख उलटलेली. काय येणार? धूर आला!"

"मी सांगितलंच होतं!" धाकटी बाहेरून म्हणाली. तिनं कधीच सांगितलं नव्हतं, पण तिच्या आवाजात समाधान होतं. "मग आता खोली?"

आत लाल दिव्याखाली जावयानं दोन्ही हात जोडले होते. थोरलीनं ओला फोटो चिमट्यानं उचलला, पाणी निथळू दिलं आणि सगळ्यात आतल्या भिंतीवरच्या दोरीला, दारातून दिसणार नाही असा, स्वतःच्या हातानं अडकवला. कपड्यांच्या एका चिमट्यानं भागलं असतं, तिनं दोन लावले. मग ती वळली, आणि बाहेर जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ऐका, जावईबापू. तुमची फिलिम म्हातारी आहे, तिची साक्ष मी धरत नाही. पण खोली तुमची. दिवा तुमचा, ट्रे तुमचे, वासही तुमचाच. मुठींसाठी मी धाकटीच्या अर्ध्यात जागा बघते." आणि मग अर्धं पाऊल पुढं येऊन, आवाज जराही न उतरवता: "फक्त एक ध्यानात ठेवा. या खोलीतलं काहीही ज्या दिवशी या दाराबाहेर गेलं, त्या दिवशी त्याच्या मागोमाग तुम्ही जाल."